मिसळ कुणाची?

शिवणाच्या मशीनखाली माझं कतरणांचं खोकं असतं. अस्तराच्या पट्ट्या, बाह्यांचे उरलेले तुकडे, काठांच्या चिंध्या, सगळं त्यात जातं आणि दोन-तीन महिन्यांनी गोधडीवाल्या मावशी येऊन घेऊन जातात. जुलैत साताऱ्यात पावसाने आठवडाभर उसंत दिली नव्हती. त्यातल्याच एका सकाळी खोक्यात हात घातला तर एक चिंधी गरम लागली. वर काढली तर ती माझ्यावर फिसकारली.

मांजराचं पिल्लू होतं. पांढरं अंग, पाठीवर काळे डाग आणि डाव्या डोळ्यावरून कानापर्यंत गेलेला नारिंगी पट्टा. ओम म्हणजे माझा सहावीतला मुलगा. त्याने तिथल्या तिथे बारसं केलं. "वर तर्री, मधे फरसाण, खाली पाव. मिसळ!" मी म्हटलं, अरे, अंगणात उभं राहून "मिसळ, मिसळ" अशी हाक मारायची का मी? लोकांना वाटेल बाईने हॉटेल टाकलं. पण नाव एकदा चिकटलं की चिकटलं.

तिची आई येईल म्हणून दोन दिवस खोकं मागच्या दाराशी पत्र्याखाली ठेवलं. आई आली नाही. तिसऱ्या दिवशी कोपऱ्यावरच्या वाण्याच्या काट्यावर पिल्लू ठेवून वजन केलं, ६४० ग्रॅम. वाण्याने विचारलं, "ताई, पाऊणाला किती कमी?"

आता दवाखान्याचं बघायला हवं होतं. मी उगाच धास्ती घेणारी बाई नाही, पण या बाबतीत माझ्या गाठीला एक गोष्ट आहे, ती आधी सांगते.

काही वर्षांपूर्वी आमच्याकडे भुरी नावाची मांजर होती. तिला उलट्या व्हायला लागल्या म्हणून मी तिला भाजीच्या कापडी पिशवीत घातलं, तोंडाला नाडी आवळली आणि रिक्षात बसले. भुरीने तोवर पिशवी आतून पाहिली नव्हती आणि रिक्षा तर बाहेरूनही नाही. पोवई नाक्याच्या अलीकडे एका ट्रकने हॉर्न दिला. नाडीच्या फटीतून आधी एक पंजा आला, मग डोकं, आणि मांजराचं डोकं जिथून जातं तिथून उरलेलं मांजर जातंच. चौथ्या रात्री ती मागचा पाय ओढत घरी आली. पाय बरा झाला. पण पुढे मी नुसती पिशवी हातात घेतली तरी भुरी कौलांवर जायची, आणि मीही दवाखान्याचा नाद सोडून दिला. शेवटी तिने खाणं टाकलं तेव्हा धरू देण्याइतकी ती थकेपर्यंत पाच दिवस गेले होते. डॉक्टरांनी पोटाला हात लावला आणि माझ्याकडे न बघता विचारलं, "एवढे दिवस का थांबलात?"

त्याला माझ्याकडे उत्तर होतं, पण ते देण्यासारखं नव्हतं.

म्हणून मिसळच्या वेळी मी आधी फोन केला. माझ्या एका गिऱ्हाईक बाईंकडे दोन मांजरं आहेत, त्यांनी नंबर दिला. डॉक्टरांनी मोजून चार प्रश्न विचारले. खाते का, खेळते का, शी कशी आहे, डोळ्या-नाकातून पाणी येतं का. खाते आणि खेळते म्हटल्यावर म्हणाले, मग धावपळ करू नका, पण दोन आठवड्यांच्या आत आणा. मात्र दिवसभर तोंडाला काही लावलं नाही तर तासभरही थांबायचं नाही, एवढुशा पिल्लाच्या अंगात साठा नसतो. आणि फरशी फिनेलने पुसत असाल तर बंद करा. ते मांजराला विष आहे, पायाला लागतं आणि ती पाय चाटते. मी फोन कानाला धरूनच मोरीतली काळी बाटली उचलून वर फळीवर ठेवली.

तयारीला बारा दिवस मिळाले. पण दवाखान्याची पहिली फेरी झाली ती मिसळची नव्हे, ओमची.

चौथ्या दिवशी त्याने तिला पोटाखालून एका हाताने उचललं, ती घाबरली आणि त्याच्या मनगटावर तीन रेघा उमटल्या. रक्त नव्हतं, लाल रेघा होत्या. आबा, माझे सासरे, म्हणाले, "हळद लाव, जाईल." मी ओमला नळाखाली धरलं. साबण लावून, वाहत्या पाण्याखाली, घड्याळ बघून पंधरा मिनिटं. त्याच्या दृष्टीने ही शिक्षा ओरखड्यापेक्षा मोठी होती. मग सिव्हिलला नेलं. पिल्लू कुठलं, कुणाचं, त्याच्या आईला काय झालं, काहीच माहीत नसताना ओरखडा साधा धरायचा नाही, हे मला ठाऊक होतं. रेबीज फक्त कुत्र्याने होतो असं वाटणारी माणसं अजून आहेत. मांजरानेही होतो, आणि एकदा लक्षणं दिसली की मग कुणाच्याच हातात काही राहत नाही.

आबा त्या दिवशी गप्प गप्प होते. संध्याकाळी बोलले. ते दहा वर्षांचे असताना कोरेगावकडच्या वस्तीवर त्यांना कुत्रं चावलं होतं. तेव्हा बेंबीभोवती चौदा इंजेक्शनं. रोज एक, आणि सुई अशी की कंपाउंडर दिसला की पोटात गोळा यायचा. शेवटच्या दिवसांत वडील त्यांना खांद्यावर टाकूनच न्यायचे, कारण ते चालायलाच तयार नसत. ती जुनी लस मेंढीच्या मेंदूपासून बनायची. २००४ च्या अखेरीला ती आपल्याकडे बंद झाली. ओमला दंडात, कातडीतच अगदी वरच्यावर, इवलंसं इंजेक्शन दिलं, दोन्ही दंडांना एकेक. मग तिसऱ्या दिवशी, सातव्या दिवशी आणि अठ्ठाविसाव्या दिवशी, असं कागदावर लिहून दिलं. आबांनी तो कागद दोनदा वाचला. "चारच फेऱ्या? आन् पोटात नाहीच?" त्यांच्या आवाजात सुटकेपेक्षा थोडा हेवाच जास्त होता.

सिव्हिलच्या डॉक्टरांनी आणखी एक सांगितलं: मांजरावर दहा दिवस लक्ष ठेवा. म्हणून मी मापांच्या वहीच्या मागच्या पानापासून मिसळची नोंद सुरू केली. पुढून छाती, कंबर, बाहीची लांबी, मागून मिसळ. "सकाळी दोन चमचे चिकन, पूर्ण. शी एकदा, पातळ. कान खाजवते. मशीन सुरू झालं की पळत नाही." सुरुवात रेबीजच्या धास्तीने झाली, पण दवाखान्यात कामाला आली ती हीच वही.

त्या "पातळ"चं कारण वहीनेच दाखवलं. आबा दुपारी मी दुकानाच्या खोलीत असताना तिला वाटीभर गायीचं दूध द्यायचे. ज्या दिवशी ते गावी गेले त्या दिवशी शी घट्ट. आईचं दूध सुटलं की मांजराला दूध पचवणं जड जाऊ लागतं, बहुतेकांचं पोट बिघडतं. मी आबांना म्हटलं, "मांजर डोळे मिटून दूध पितं म्हणतात, तुम्ही डोळे उघडे ठेवून पाजताय." ते म्हणाले, त्यांच्या आईची मांजरं जन्मभर दूध-भाकरीवर जगली. त्या मांजरांनी दूध-भाकरीच्या जोडीला घुशी-उंदीर किती खाल्ले ते मात्र कुणी मोजलं नव्हतं. मांजराला मांस लागतंच. त्यातून मिळणारा एक घटक तिच्या अंगात पुरेसा तयार होत नाही आणि तो कमी पडला की डोळे आणि हृदय जातं. आमच्याकडे मग उकडलेलं चिकन आणि पिल्लांच्या खाण्याचं पाकीट असं ठरलं. चिकनला मीठ नाही, मसाला नाही, आणि कांदा-लसूण तर मुळीच नाही. त्याने मांजराच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. थोडक्यात, मिसळला मिसळ चालत नाही. हा विनोद ओमने शाळेत आठवडाभर चालवला.

आता टोपली. तयारीचा खरा ऐवज तोच.

त्याच गिऱ्हाईक बाईंनी त्यांच्या गेलेल्या मांजराची प्लास्टिकची टोपली दिली, पुढे जाळीचं दार असलेली, वरचं झाकण चार खिट्ट्यांनी सुटणारी. झाकण सुटतं की नाही हे घेताना नक्की बघा. नुसतं पुढचं दार असेल तर डॉक्टरला मांजर ओढून काढावं लागतं, आणि ओढून काढलेलं मांजर तपासायचं म्हणजे डॉक्टरने हातमोजे आणि देव दोन्ही जवळ ठेवायचे. दुसऱ्या मांजराचा वास जावा म्हणून टोपली साबणाने घासली, आणि पावसाने जो एक दिवस ऊन दिलं त्यात वाळवली.

पहिले तीन दिवस झाकण लावलंच नाही. नुसता खालचा भाग मशीनशेजारी ठेवला, त्यात तिच्या खोक्यातलीच चिंध्यांची गादी, न धुता. मला धुवायची फार खुमखुमी होती, पण तिचा वास तिच्यासाठी घर असतो. ती बाजूने गेली, हुंगून गेली, एकदा आत पाय ठेवून जणू चूक झाली अशी परत फिरली. मी बघितलंच नाही असं दाखवलं. गिऱ्हाईक दुकानात शिरलं की लगेच उठून मागे लागू नये, त्याला कापड चाचपू द्यावं, तसंच हे. चौथ्या दिवशी जेवणाची वाटी टोपलीच्या काठाशी गेली, पाचव्या दिवशी आत. सहाव्या दिवशी झाकण. झाकणाने ती बिचकली, तर वाटी परत काठाशी आली. आठव्या दिवशी दुपारी मी एका बाईंच्या ब्लाउजचा गळा सोडवत होते, खाली बघितलं तर ती आत, हनुवटी उंबऱ्यावर ठेवून झोपलेली.

मग दार. आधी नुसतं ढकलायचं आणि लगेच उघडायचं. मग खिट्टी लावायची, एक बॉबिन भरून होईपर्यंत ठेवायची. मग अर्धी बाही शिवून होईपर्यंत. ती ओरडायला लागण्याआधी उघडायचं, ओरडल्यावर नाही, नाहीतर ओरडलं की उघडतं हे ती एका दिवसात शिकते. (ओम तान्हा असताना हे मला कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.) टोपली उचलायची ती वरच्या मुठीला धरून झुलवत नाही, खालून दोन्ही हातांनी, अंगाशी धरून, भरलेली परात उचलतो तशी.

वरून पांघरायला एक झूल शिवली. तीन बाजू झाकलेल्या, पुढे सरकणारा पडदा, खाली नाडी. कापड घेतलं मांजरपाट. मांजरासाठी मांजरपाट. हे मी शिवताना तीनदा मोठ्याने म्हणाले, घरात एकही माणूस हसला नाही.

शेजारचे रिक्षावाले दादा भले माणूस. दुपारी त्यांची रिक्षा दारात उभी असते. एक दिवस टोपली घेऊन बंद रिक्षात पाच मिनिटं बसले. दुसऱ्या दिवशी त्यांनी इंजिन सुरू केलं, जागचं हललो नाही. तिसऱ्या दिवशी करंजे नाक्यापर्यंत जाऊन परत. मिसळ अर्ध्या रस्त्यात एकदाच "म्यँव" म्हणाली, तेही तक्रार म्हणून नाही, चौकशी म्हणून. दादांनी पैसे घेतले नाहीत. "वैनी, लोकं पोरांना गाडी शिकवत्यात, तुमी मांजराला," एवढंच म्हणाले.

रोज रात्री तिचं खाणं झालं आणि ती सुस्तावली की मी तिचा एक-एक अवयव हाताळायचे. कानाची पाळी उलटून बघायची, सोडून द्यायची. पंजा दाबून नख बाहेर काढायचं, सोडून द्यायचं. ओठ बोटाने वर, दात बघितले, झालं. शेपटी उचलायची. प्रत्येक वेळी दोन-तीन सेकंद, वर बोटभर चिकन. दवाखान्यात अनोळखी माणूस हेच सगळं करणार असतो, फक्त तिथे टेबल थंड असतं आणि वास कुत्र्यांचा येतो.

हे सगळं चाललेलं बघून दुसऱ्या एका बाईंनी सोपा उपाय सुचवला. जाण्याआधी सर्दी-तापाची पाव गोळी दुधातून द्यायची, गुंगीत राहतं पिल्लू. मी डॉक्टरांना फोनवर नुसतं विचारलं तर त्यांचा आवाजच बदलला. आपली पॅरासिटामॉल मांजराच्या यकृताला पचत नाही, तेवढ्या तुकड्यानेही मांजर मरतं. ताई, माणसाच्या डब्यातली एकही गोळी नाही, अगदी एकही. त्या बाईंना मी नंतर सांगितलं. त्या म्हणाल्या, "अगंबाई, मी आधीच्या मांजराला..." आणि पुढचं वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. मीही विचारलं नाही.

जायच्या दिवशी सकाळी शीचा नमुना न्यायचा होता, त्याच दिवसाचा, ताजा. कशात? घरात माझ्या बटणांच्या झाकणाच्या इवल्या पारदर्शक डब्या असतात. त्यातली एक रिकामी केली. आत वाटाण्याएवढा ऐवज, वर चिठ्ठी: "मिसळ, स. ७." ही डबी मी पिशवीत ठेवली, आणि मग आठवण झाली की वाटेत मला एका गिऱ्हाइकाला हूक-बटणांची डबी द्यायची आहे. दोन्ही डब्या सारख्याच. त्या दिवशी मी आयुष्यात पहिल्यांदा बटणं द्यायच्या आधी झाकण उघडून खात्री केली.

निघायच्या आधी तीन तास खायला दिलं नाही. पोट रिकामं असलं की रिक्षात उलटी होत नाही आणि तिथे दिलेल्या चिकनच्या तुकड्याला किंमत येते. पाणी मात्र होतं. वेळ मुद्दाम साडेअकराची मागितली होती, सकाळची कुत्र्यांची गर्दी ओसरल्यावरची.

गर्दी काही ओसरली नव्हती. एक लॅब्रेडोर आपल्या मालकाला फरफटवत होता, एक आजोबा शेळी घेऊन बाकावर बसले होते, शेळी बाकाखालच्या कॅलेंडरच्या कागदाचा फडशा पाडत होती. मी टोपली जमिनीवर ठेवली नाही, मांडीवर घेतली, दार माझ्या पोटाकडे, झूल खाली. मांजर उंचावर असलं आणि त्याला कुत्रं दिसलं नाही की निम्मी लढाई तिथेच संपते. आत बोट घातलं. ओलं नाक लागलं. थरथरत होती, पण माझ्या बोटाला कान घासत होती.

तेवढ्यात आतून कंपाउंडर बाहेर आला, कार्ड वर धरलं आणि खणखणीत आवाजात ओरडला, "मिसळ कुणाची?"

आजोबा म्हणाले, "आमची न्हाई, पन चालंल."

आत डॉक्टरांनी टोपली टेबलावर घेतली, झाकणाच्या खिट्ट्या काढल्या आणि तिला उचललंच नाही. ती आपल्या चिंध्यांत बसलेली, तिथेच तपासली. ओमने विचारलं, मुलगा की मुलगी? डॉक्टरांनी शेपटी न उचलता सांगितलं, मुलगी. नारिंगी आणि काळा हे दोन रंग एकाच मांजरावर यायला ‘एक्स’ गुणसूत्राच्या दोन प्रती लागतात, त्या मादीतच असतात, म्हणून तिरंगी मांजर जवळजवळ नेहमीच मादी. मग शेपटी उचलून खात्रीही केली. वजन ९६० ग्रॅम. दात बघून म्हणाले, नऊ आठवडे, फार तर दहा. मागून थर्मामीटर लावला तेव्हा तिने माझ्या अंगठ्यावर दात टेकवले, दाबले नाहीत. १०१.६. मी दचकले, पण मांजराचं साधं तापमानच १०१ ते १०२ च्या आसपास असतं.

कानात त्यांना चहाच्या चोथ्यासारखा काळा मळ दिसला. कानातले किडे. म्हणजे वहीतलं "कान खाजवते." थेंब लिहून दिले. पिसवा होत्या, त्यावर तिच्या वजनाचं औषध मानेवर लावलं आणि बजावलं की कुत्र्याचं पिसवांचं औषध मांजराला कधी लावू नका, त्यातल्या काहींनी मांजराला झटके येतात. बटणांची डबी सूक्ष्मदर्शकाखाली गेली, जंत निघाले. जंताचं औषध वजन करून पाजलं, पुन्हा दोन आठवड्यांनी. वही त्यांनी मागून पुढे वाचत नेली आणि चुकून एका बाईंच्या छातीच्या मापापर्यंत पोचले, तिथे मी ती काढून घेतली.

आणि लस? आम्ही तिघेही, आबासुद्धा खास त्यासाठी आले होते, त्याचीच वाट बघत होतो. डॉक्टर म्हणाले, आज नाही. आधी जंत जाऊ देत, तिहेरी लस पुढच्या आठवड्यात, तिचा दुसरा डोस तीन-चार आठवड्यांनी. रेबीजची तीन महिने पूर्ण झाल्यावर. पाचव्या-सहाव्या महिन्यात शस्त्रक्रिया, नाहीतर पुढच्या पावसाळ्याआधी तुमच्या खोक्यात अजून चार मिसळ. आज तिला टोचत नाही, घरी जाऊ दे तिला, "इथे काही वाईट होत नाही" असं वाटून. आबांचा चेहरा पडला. चौदा इंजेक्शनांचा माणूस, एक तरी बघायला मिळेल म्हणून आला होता.

मग कार्डावर पत्ता लिहिताना डॉक्टरांनी सहज विचारलं, तुम्ही काय करता? म्हटलं, शिवणकाम. घरीच. त्यांनी पेन खाली ठेवलं.

"पिल्लू दोऱ्याशी खेळतं?"

खेळतं म्हणजे? दिवसभर. मला तर त्याचं कौतुकच होतं, चार फोटोही काढले होते.

मांजराच्या जिभेवर काटे असतात, मागे वळलेले, खरखरीत. दोरा तोंडात गेला की तिला मनात असूनही थुंकता येत नाही, काटे तो आतच नेत राहतात. दोऱ्याचं एक टोक कधी जिभेखाली अडकतं, दुसरं पोटात उतरून आतड्यात जातं. आतडं त्याला पुढे ढकलायला बघतं, दोरा सुटत नाही, मग आतडंच दोऱ्यावर गोळा होत जातं. डॉक्टर कागदावर काढून दाखवायला लागले. मी म्हटलं, "काढू नका डॉक्टर, कळलं."

मला कळणार नाही तर कुणाला? परकराला झालर लावताना आम्ही दुसरं काय करतो? कापडाच्या काठाने कच्चा टाका घालायचा, दोऱ्याचं एक टोक पक्कं धरायचं आणि दुसरं ओढायचं. तीन मीटर कापड वीतभर होतं, सगळ्या चुण्या चुण्या. आणि जास्त ओढलं तर मऊ कापड दोऱ्यापाशी फाटतं. हे मी सतरा वर्षं रोज करते.

"फाटतं," डॉक्टर म्हणाले. "अगदी तसंच."

आणि म्हणून, तोंडातून किंवा मागून दोरा लोंबताना दिसला तर ओढायचा नाही. कितीही हात शिवशिवले तरी. कापायचाही नाही. तसंच उचलून इकडे आणायचं. उलट्या, खाणं बंद, पोटाला हात लावू न देणं, यातलं काहीही दिसलं की दोरा आठवायचा. मी विचारलं, सुई? म्हणाले, सुई निदान एक्स-रेत दिसते.

भुरीच्या उलट्या मला तिथेच आठवल्या. तेव्हा माझी कार्यशाळा म्हणजे एक मशीन आणि सगळीकडे दोरेच दोरे. तेच होतं का, ते आता कुणी सांगू शकत नाही. तीनशे रुपये फी दिली आणि टोपलीची खिट्टी दोनदा तपासली.

घरी येऊन गौरींचे अकरा ब्लाउज बाजूला ठेवले आणि आधी खोली आवरली. कतरणांच्या खोक्याला झाकण. रिळं सगळी बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात, मोजून. चौतीस. दोरा कापला की तुकडा जमिनीवर टाकायचा नाही, मशीनला अडकवलेल्या पिशवीत टाकायचा, ही सवय लावून घ्यायला मला मांजराला टोपलीची लावण्यापेक्षा जास्त दिवस लागले. सुया-टाचण्यांसाठी ओमने शाळेच्या प्रयोगाचा लोहचुंबक दिला. तो काठीला बांधून रात्री फरशीवरून फिरवते. पहिल्या रात्री एकवीस टाचण्या निघाल्या. म्हणजे इतकी वर्षं आम्ही अनवाणी कसे फिरलो हाच चमत्कार.

लसीच्या आदल्या संध्याकाळी रिळं मोजली तर तेहतीस. गर्द हिरवं नव्हतं. मशीनखाली नाही, पिशवीत नाही, आबांच्या खिशात नाही. मिसळला धरून जिभेखाली बघितलं, पोट चाचपलं, मऊ होतं. तिने जांभई दिली. डॉक्टरांचा नंबर लावायला मोबाइल हातात घेतला आणि टोपलीतली गादी सहज उचलून बघितली. खाली हिरवं रीळ, ओमचं खोडरबर, दोन हूक आणि चिकनचा एक वाळलेला तुकडा. दोऱ्याचं टोक रिळाच्या खाचेत मी अडकवलं होतं तसंच अडकलेलं होतं.

हिरवा ब्लाउज त्या रात्री अकराला पुरा झाला. मिसळ टोपलीतच झोपली होती, सकाळी नुसतं दार लावायचं राहिलं होतं.